झिगफेल्डचा जिना

दोरीवर वाळत घातलेल्या बिनबाह्यांच्या बनियनला आपण 'सँडो' म्हणतो. दुकानात जाऊन 'दोन सँडो द्या' असं सांगताना आपण एका माणसाचं नाव घेत असतो, हे आपल्या गावीही नसतं. युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला बलदंड पुरुष. शरीर कमवून ते रंगमंचावर दाखवण्याचा धंदा त्याने केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही येऊन गेला. आपल्याकडच्या व्यायामशाळांत त्याचं नाव तेव्हापासून रुळलं आणि पुढे कपड्याला चिकटून राहिलं.

या सँडोच्या मागे लागता लागता मी अमेरिकन रंगभूमीच्या एका प्रकरणात शिरलो आणि गेली काही वर्षं त्यातच आहे. कारण अमेरिकेत सँडोला घरोघरी पोहोचवलं ते एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या उचापती तरुणाने. फ्लोरेन्झ झिगफेल्ड हे त्याचं नाव. त्याच्या आयुष्यावर एमजीएम कंपनीने १९३६ साली 'द ग्रेट झिगफेल्ड' हा जवळजवळ तीन तासांचा संगीतमय चरित्रपट काढला. वीस लाख डॉलरांहून अधिक खर्च झालेल्या या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शन रॉबर्ट झी. लेनर्डचं, पटकथा विल्यम अँथनी मॅग्वायरची, आणि झिगफेल्डच्या भूमिकेत विल्यम पॉवेल. चित्रपटाच्या इतिहासात तो 'भव्य' या एका विशेषणावर निकालात काढला जातो. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. चरित्रपट नावाची वस्तू कशी घडते, कोणाच्या पैशातून घडते आणि ती घडताना कोणकोण खाली पडतं, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणं अवघड आहे.

*

आधी खरा माणूस पाहू. झिगफेल्ड १८६७ साली शिकागोत जन्मला. वडील जर्मनीहून आलेले संगीतशिक्षक. त्याच साली त्यांनी शिकागोत संगीतविद्यालय काढलं होतं आणि शहरात त्यांना मान होता. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. (स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) प्रदर्शनाच्या गर्दीवर नजर ठेवून वडिलांनी 'ट्रोकाडेरो' नावाचं करमणूकगृह चालवायला घेतलं. तिथे अभिजात संगीत ठेवलं, आणि लोक फिरकेनात. मुलाने सँडोला आणलं. वजनं उचलण्यापेक्षा स्नायू दाखवण्यावर भर दिला आणि एक युक्ती काढली. शहरातल्या श्रीमंत बायकांनी धर्मादाय देणगी द्यावी, मग खेळ संपल्यावर पडद्यामागे येऊन सँडोचे दंड स्वतःच्या हाताने चाचपून पाहावेत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना बातमी मिळाली आणि ट्रोकाडेरो भरू लागलं.

चित्रपट इथूनच सुरू होतो, पण पहिलाच फेरफारही इथेच होतो. पडद्यावरचा झिगफेल्ड जत्रेतल्या तंबूबाहेर उभा राहून गिऱ्हाइकं ओरडून बोलावणारा खेळवाला आहे. समोरच्या तंबूत बिलिंग्ज नावाचा प्रतिस्पर्धी आहे. फ्रँक मॉर्गनने तो झकास रंगवला आहे. हा बिलिंग्ज पटकथेत जन्मलेला. शेवटपर्यंत तो झिगफेल्डशी भांडतो आणि शेवटी त्याच्या उशाशी बसतो. खऱ्या आयुष्यात एकाच माणसाने इतकी सोईस्कर सोबत क्वचित केलेली असते. अनेक भागीदार, अनेक सावकार आणि अनेक शत्रू यांची मोट बांधून पटकथेने एक माणूस तयार केला. आणि संगीतविद्यालयाच्या संचालकाचा मुलगा तळातून वर आलेला खेळवाला झाला, कारण शिडी चढणाऱ्याची पहिली पायरी जितकी खाली, तितकी चढण उंच दिसते.

*

झिगफेल्डच्या आयुष्यातली दुसरी मोठी व्यक्ती म्हणजे आना हेल्ड. वॉर्सात जन्मलेली, पॅरिस-लंडनच्या रंगमंचावर नाव मिळवलेली गायिका. १८९६ साली त्याने तिला न्यूयॉर्कला आणलं. थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत झळकलं, की ही बाई रोज दुधाने स्नान करते आणि दुधाचे पैसे थकल्यामुळे गवळ्याने तिच्यावर दावा लावला आहे. दावा बनावट होता, दूधस्नानाची गोष्टही बनावट होती. बातमी मात्र देशभर गेली. आज आपण ज्याला 'प्रमोशन' म्हणतो त्याची कला या माणसाला उपजत होती.

हेल्ड आणि झिगफेल्ड पती-पत्नी म्हणून राहिले, पण त्यांचा रीतसर विवाह कधी झाला नाही. हेल्डचं आधीचं लग्न होतं, त्या लग्नाची एक मुलगी होती. पुढे १९१२-१३ मध्ये ते वेगळे झाले तेव्हा न्यायालयाने दीर्घ सहवासाच्या आधारावर त्यांना पती-पत्नी धरून घटस्फोट दिला. चित्रपटात हे सगळं नाहीसं होतं. तिथे सरळ लग्न होतं आणि पहिली मुलगी जन्मालाच येत नाही. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे अमलात येऊ लागली होती. लग्नाशिवायचा संसार नायकाच्या नावावर दाखवणं शक्य नव्हतं.

पण हेल्डच्या बाबतीत याहून मोठा अन्याय झाला तो तिच्या कर्तबगारीवर. पॅरिसच्या 'फोली बर्जेर'सारखा खेळ न्यूयॉर्कमध्ये करावा ही कल्पना तिची, असं त्या काळापासून सांगितलं जात आलं आहे. १९०७ च्या पहिल्या 'फॉलीज'मध्ये नाचणाऱ्या मुलींची ओळखच 'आना हेल्ड गर्ल्स' अशी होती. झिगफेल्डच्या पडत्या काळात त्याला आधार होता तो तिच्या नावाचा आणि तिच्या कमाईचा. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये सैनिकांसाठी कार्यक्रम करत हिंडली. १९१८ साली तिचा अंत झाला. पडद्यावरची हेल्ड मात्र लहरी, हळवी आणि हतबल आहे.

आणि तरीही, संपूर्ण चित्रपटातलं जिवंत दृश्य तिचंच आहे. झिगफेल्डने बिली बर्क या अभिनेत्रीशी १९१४ मध्ये लग्न केलं. चित्रपटात ही बातमी कळल्यावर हेल्ड त्याला दूरध्वनी करून अभिनंदन करते. आवाजात हसू, डोळ्यांत पाणी, आणि रिसीव्हर खाली ठेवल्यावर कोसळणं. दृश्य काही मिनिटांचं आहे. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. लुइझे राइनर या तरुण अभिनेत्रीने ते असं केलं, की त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. पुढच्याच वर्षी 'द गुड अर्थ'साठी पुन्हा तिलाच मिळालं. लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळवणारी ती पहिलीच. कोट्यवधींचे जिने, पिसं आणि मणी यांच्या गराड्यात लोकांच्या लक्षात राहिली ती एक बाई, एक खोली आणि एक टेलिफोन. पटकथेने हेल्डचं चरित्र हिरावून घेतलं, राइनरने तिला तिचं दुःख परत मिळवून दिलं. हे पुरेसं नाही, पण काहीच नाही असंही नाही.

*

'फॉलीज' म्हणजे नेमकं काय होतं, हे मराठी वाचकाला सांगणं आवश्यक आहे, कारण आपल्याकडे त्याला थेट पर्याय नाही. त्यात कथानक नसे. गाणी, नाच, विनोदी प्रवेश, चालू घडामोडींवरची टवाळी आणि या सगळ्यांच्या मधे मधे भरजरी पोशाखातल्या मुलींचे सजीव देखावे. पहिला खेळ ८ जुलै १९०७ रोजी न्यूयॉर्क थिएटरच्या गच्चीवरच्या नाट्यगृहात झाला. गच्चीवर का, तर वातानुकूलन नसलेल्या त्या काळात उन्हाळ्यात नाट्यगृहं बंद पडत आणि लोक वाऱ्यासाठी गच्च्यांवर जात. पैसा क्लॉ आणि अर्लँगर या बड्या नाट्यव्यावसायिकांचा होता. खर्च सुमारे १३ हजार डॉलर झाल्याचं सांगतात. खुद्द झिगफेल्ड आठवड्याला २०० डॉलर पगारावर होता. शीर्षकात त्याचं नाव लागलं ते १९११ पासून. मग काही वर्षं वगळता १९३१ पर्यंत दरवर्षी नवा 'फॉलीज' येत राहिला.

१९१५ मध्ये व्हिएन्नाचा वास्तुकार जोसेफ अर्बन नेपथ्याला आला. ठळक सपाट रंगांऐवजी त्याने रंगांचे ठिपके वापरले. प्रकाशाचा रंग बदलला की पडद्याचा रंग बदलायचा. नेड वेबर्न मुलींना चालायला शिकवी. डोक्यावर जड मुकुट, मागे लांब झूल आणि समोर अरुंद पायऱ्या, अशा अवस्थेत खाली न पाहता उतरणं ही गोष्ट तालमीशिवाय जमणारी नव्हती. त्या चालीला पुढे 'झिगफेल्ड चाल' असं नावच पडलं. म्हणजे जिना हे 'फॉलीज'मध्ये नुसतं नेपथ्य नव्हतं, मुलींना नजरेसमोर मांडण्याचं ते यंत्र होतं.

या खेळांतून फॅनी ब्राइस, एडी कँटर, विल रॉजर्स, डब्ल्यू. सी. फील्ड्स असे कलावंत पुढे आले. आणि बर्ट विल्यम्स. बहामा बेटांवर जन्मलेला हा कृष्णवर्णीय विनोदी नट १९१० साली 'फॉलीज'मध्ये आला. गोऱ्या नटसंचात बरोबरीच्या मानाने उभा राहणारा ब्रॉडवेवरचा तो पहिला कृष्णवर्णीय मोठा कलावंत. काही सहकाऱ्यांनी त्याच्याबरोबर काम करायला नकार दिला तेव्हा, तुमच्यापैकी कोणाचीही जागा भरता येईल, याची नाही, असं झिगफेल्डने सुनावल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, विल्यम्स १९१९ पर्यंत त्या रंगमंचावर होता. मूळचा काळा असूनही चेहऱ्याला काजळी फासून उभा राहायचा, कारण प्रेक्षकाला तेच हवं होतं.

चित्रपटात बर्ट विल्यम्स नाही. एडी कँटरची नक्कल करणारा गोरा नट मात्र तोंडाला काळं फासून येतो आणि गाऊन जातो. झिगफेल्डच्या चरित्रात त्याच्या बाजूने सांगण्यासारखी जी थोडी धिटाईची कामं आहेत, त्यातलं हे एक. नायकाची स्तुती करायला निघालेल्या चित्रपटाने तेच वगळावं, याला काय म्हणायचं? १९२७ चं 'शो बोट' हे झिगफेल्डचं सर्वांत महत्त्वाचं नाटक. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी त्यात वर्णभेदाचा विषय थेट संगीतकाच्या मध्यभागी आणला. चित्रपटात तेही ओझरतंच येऊन जातं. लागोपाठच्या यशांच्या यादीतलं एक नाव, इतकीच त्याची जागा.

*

आणखी एक गोष्ट चित्रपटात नाही, आणि ती नसणं मला सर्वांत बोलकं वाटतं. ऑगस्ट १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. तेव्हा तालमींचे पैसे मिळत नसत आणि तालमी आठवडेच्या आठवडे चालत. दौऱ्यावर खेळ बंद पडला तर परतीच्या भाड्याचीही हमी नसे. कोरसमधल्या मुलींना मोजे आणि बूट स्वतःच्या पैशाने घ्यावे लागत. 'फॉलीज'मधल्या कँटरसह अनेकांनी काम थांबवलं आणि झिगफेल्डचा खेळ बंद पडला. झिगफेल्ड मालकांच्या बाजूला होता. याच संपात कोरसच्या मुलींनी आपली वेगळी संघटना उभारली आणि मरी ड्रेसलर तिची पहिली अध्यक्ष झाली. महिन्याभरात मालकांना नटांची संघटना मान्य करावी लागली.

आता १९३६ कडे पाहा. हॉलिवूडच्या नटांनी १९३३ मध्ये आपली संघटना स्थापन केली होती आणि एमजीएमसह बड्या कंपन्या तिला मान्यता द्यायला तयार नव्हत्या. मान्यता मिळाली ती मे १९३७ मध्ये, म्हणजे 'द ग्रेट झिगफेल्ड'ला ऑस्कर मिळाल्यानंतर दोन महिन्यांनी. अशा काळात अशा कंपनीने एका निर्मात्याचं चरित्र काढलं. त्यात निर्माता उधळ्या आहे, बायकांच्या बाबतीत घसरणारा आहे, कर्जबाजारी आहे; पण मुलींना फुलं पाठवणारा, हिरे देणारा, मनाचा राजा आहे. मजुरीचा प्रश्न या राजाच्या राज्यात उद्भवतच नाही. कंपनीने मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याला स्वतःच्या वर्गाचा माणूस कसा दिसतो, एवढंच मी म्हणतो.

*

चित्रपट निघाला कसा, ही कथाही ऐकण्याजोगी आहे. २ फेब्रुवारी १९२७ रोजी झिगफेल्डने अर्बनच्या रचनेचं स्वतःच्या नावाचं नाट्यगृह उघडलं. तीन वर्षांच्या आत शेअर बाजार कोसळला आणि त्यात त्याची संपत्ती गेली. ऋण काढून सण करणं हा त्याचा आयुष्यभराचा बाणा. या वेळी सण संपला आणि ऋण उरलं. २२ जुलै १९३२ रोजी तो लॉस एंजेलिसमध्ये वारला, तेव्हा कर्जाचा डोंगर बिली बर्कवर आला. ती हॉलिवूडमध्ये मिळेल ती कामं करू लागली. पुढे १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधली चांगली जादूगारीण म्हणून मुलांना ती माहीत झाली. कर्ज फेडण्यासाठी तिच्याकडे जे विकण्यासारखं होतं, त्यात नवऱ्याचं आयुष्यही होतं. ते तिने आधी युनिव्हर्सल कंपनीला दिलं. ती कंपनी स्वतःच डबघाईला आली होती. खर्च झेपेना म्हणून १९३५ मध्ये सगळा प्रकल्प एमजीएमकडे गेला.

म्हणजे या चरित्रपटाचं मूळ कर्जफेडीत आहे. हयात असलेल्या विधवेची संमती हा त्याचा पाया. त्यामुळे मर्ना लॉयने साकारलेली बिली बर्क चित्रपटाच्या उत्तरार्धात येते आणि आल्यापासून समंजस, शांत, क्षमाशील आहे. ज्या नर्तकीवरून हेल्डचा संसार मोडला, तिला बदललेलं नाव दिलं आहे. मेलेल्या हेल्डची संमती घेण्याचा प्रश्न नव्हता. मी याबद्दल बर्कला दोष देणार नाही. देणी फेडणाऱ्या बाईकडून इतिहासकाराची अलिप्तता मागणं हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. पण वाचकाने-प्रेक्षकाने हे माहीत असून पाहावं.

आपल्याकडेही हा प्रश्न परका राहिलेला नाही. 'बालगंधर्व' २०११ मध्ये आला, तोही एका उधळ्या, कर्जात बुडालेल्या रंगराजाचाच चरित्रपट. २०१८ चा घाणेकरांवरचा चित्रपट कांचन घाणेकरांच्या 'नाथ हा माझा'च्या आधाराने उभा राहिला. अशा प्रत्येक वेळी आपण 'नट हुबेहूब वाटतो का' एवढंच विचारतो. गोष्ट कोणाच्या खिडकीतून दिसते आहे, हे विचारायचं राहून जातं.

*

शेवटी तो जिना. चित्रपटाच्या मध्यावर आयर्व्हिंग बर्लिनचं १९१९ च्या 'फॉलीज'मधलं गाणं येतं. पडदा बाजूला होतो आणि एक प्रचंड गोल मनोरा फिरू लागतो. त्याच्याभोवती वर वर जाणारा वळणदार जिना. १७५ पायऱ्या, १०० टन वजन, १८० कलावंत, असे आकडे दिले जातात. या एका गाण्याचा खर्च सांगितला जातो २ लाख २० हजार डॉलर, म्हणजे पहिल्या 'फॉलीज'च्या जवळजवळ सतरापट. रचना जॉन हार्करायडरची. तो पूर्वी झिगफेल्डकडेच काम करत असे. मनोरा फिरतो, कॅमेरा जवळजवळ अखंडपणे वर चढत जातो, पायऱ्यापायऱ्यांवर पुच्चिनी, लिओनकाव्हालो, गर्श्विन यांच्या रचना कानावर पडतात, आणि शिखरावर एक मुलगी बसलेली दिसते. नृत्यदिग्दर्शक सीमोर फीलिक्स याला या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं.

हे झिगफेल्डच्या रंगमंचाला वाहिलेलं फूल आहे, असं लिहिलं जातं. मला त्यात वेगळंच दिसतं. हा जिना झिगफेल्डच्या कुठल्याही नाट्यगृहात मावला नसता, आणि मावला असता तरी खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला त्याचा माथा असा दिसला नसता. खुर्ची वर चढत नाही, कॅमेरा चढतो. बोलपट ऑक्टोबर १९२७ मध्ये आला आणि 'शो बोट' त्याच डिसेंबरात. झिगफेल्डच्या रंगभूमीचं शिखर आणि तिचा काळ एकाच हंगामात आले. १९३० मध्ये त्याच्याच 'व्हूपी' नाटकाच्या चित्रपटातून बझ्बी बर्कली हॉलिवूडमध्ये शिरला आणि मुलींच्या रांगांची भूमिती त्याने कॅमेऱ्यासाठी नव्याने मांडली. बोलपटाने रंगभूमीचा प्रेक्षक घेतला, नट घेतले, पद्धत घेतली. १९३६ मध्ये तिचा राजाही घेतला आणि त्याच्या स्मारकावर, तो असता तर त्याला करता आलं नसतं ते करून दाखवलं.

चित्रपटातला झिगफेल्ड मरताना खिडकीतून आपलं नाट्यगृह पाहत असतो आणि अजून पायऱ्या हव्यात म्हणून पुटपुटतो. खरा झिगफेल्ड मेला तो नाट्यगृहापासून हजारो मैलांवर, चित्रपटांच्या गावात. ते नाट्यगृह १९६६ मध्ये पाडलं गेलं. पडद्यावरचा जिना मात्र आजही फिरतो, आणि त्यावर उभ्या असलेल्या दीड-पावणेदोनशे मुलींपैकी बहुतेकींची नावं श्रेयनामावलीत नाहीत. हा चित्रपट जरूर पाहावा. पाहताना शिखरावरच्या मुलीकडे नजर जाईलच, ती तशीच रचना आहे. एकदा मधल्या पायऱ्यांकडेही पाहावं. जड मुकुट सांभाळत, खाली न पाहता, तोल न जाऊ देता उभ्या असलेल्या त्या मुलींनीच तो सगळा मनोरा पेलला आहे.